मी पास लिवलं होतं

माझा जल्म पोलादपूरच्या वरचा, कुडपणकडं जाताना आमची बौद्धवाडी लागते, पंधरा-वीस घरं, त्यातलं एक आमचं. डोळे मला होते बरं का ताई, जल्मापास्नं आंधळी नाय मी. आठवीत असताना सांजचं दिसायचं कमी झालं, मग दिवसाचं, मग फळ्यावरचं पुसट झालं, मग फळाच गेला. आये म्हणायची, गो रंजे, नीट बघून चाल, आन मी नीटच बघत होते, दिसतच नव्हतं त्याला काय करू. एकोणिसाव्या वर्षी सगळं बंद. मग शहरात अंधांच्या शाळेत बोलणारा संगणक शिकले, लगीन झालं, महाडात आले. आमचे हे डोळस हायत, एमआयडीसीत पाळीला जातात.

आता माझं काम काय ते सांगते, लोकांना खरं वाटत नाय. पुण्याची एक कंपनी मला वेबसाइट पाठवते आन मी घरात बसून बघते, बघते म्हंजे ऐकते, की आंधळ्या माणसाला ती वापरता येईल का नाय. माऊस नाय, नुसतं कीबोर्डवरचं टॅब दाबत पुढं पुढं जायचं, संगणक कानात बोलतो, इथं नाव लिहा, इथं जन्मतारीख, हे बटण अर्ज पाठवायचं. बनवणाऱ्यानं बटणाला नाव दिलं नसंल तर तो नुसता म्हणतो, बटण. आता कशाचं बटण, कपाळाचं? डोळसाला तिथं चित्र दिसतं, आमच्या कानाला काय नाय. असं सापडलं की मी लिवते नापास, आन कडक लिवते. कंपनीतल्या आमच्या मॅडम हसायच्या, म्हणायच्या, रंजनाताई, तुमच्या हातून पास होणं म्हणजे कठीणच. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या गर्वातनंच झालं सगळं. एका कॉलेजची वेबसाइट आली, अंध मुलामुलींना संगणक शिकवतात, राहायला वसतिगृह, त्याचा प्रवेशाचा अर्ज. पहिल्यांदा लय चुका, नापास. दुरुस्त करून पाठवली, परत चुका, परत नापास. तिसऱ्यांदा आली तवर तो अर्ज माझ्या बोटांना पाठ झालेला. आम्ही मोजून जगतो ताई, ओट्यापास्नं मोरी सहा पावलं, मिठाचा डबा डावीकडनं तिसरा, कुणी हलवला नाय म्हंजे झालं. तशी बोटं सरसर गेली, शेवटच्या रकान्यापुढं दोनदा टॅब, एंटर, अर्ज गेला. मी लिवलं, पास. संगणक तिथं काय बोलला ते मी ऐकलंच नाय. बोटं मोजत होती आन कान कुठं होता कुणास ठाऊक.

आन मग दर्शना. कुडपणची पोर, माझ्या माहेरच्या वळखीतली, जल्मापास्नं आंधळी, बारावी झालेली. तिला त्याच कॉलेजात जायचं होतं, दुसरं काय तिच्यासाठी इकडं हाय तरी कुठं. वर नेटवर्क धड नाय म्हणून तिचा बापूस म्हणाला, पोलादपुरात सायबरवाल्याकडनं भरून घेतो. मीच फोनवर म्हटलं, नाय हो दादा, पोरीला तिच्या हातानं भरू द्या, माझी तपासलेली वेबसाइट हाय, माझ्या घरी घेऊन या. त्यांची भाताची लावणी चालू, ती उरकून आले ते शेवटच्या दिवशी. एसटी उशिरा, माझ्या दारात पोचायला साडेतीन, आन पाचला मुदत बंद.

पोर हुशार, एकदा सांगितलं की पुढं जाते. बापूस दारातच उभा, बसा म्हटलं तरी बसंना. मी चहा ठेवायला आत गेले. सव्वाचारला अर्ज भरून झाला, दाखला चढवला, आन ती हाक मारते, मावशी, शेवटाला दोन बटणं हायत, दोन्हीला नावच नाय. माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. थांब गो म्हणेस्तवर तिनं पहिलं दाबलं. ते सगळं पुसायचं बटण होतं, पाठवायचं दुसरं. अर्ज कोरा.

काय सांगू तुम्हाला, बापूस जो पेटला. एवढा डोंगर उतरून आलो आन शेवटाला घाण केलीस गो, सायबरवाल्यानं दहा मिनिटांत भरला असता. पोर नुसती म्हणत होती, चुकलं बाबा, मीच घाई केली, चुकलं माझं. आन मी? मी गप. तोंडात आलं होतं माझ्या, पण गिळलं. नुसतं म्हटलं, भर परत, लवकर भर. घाईत तिचं नाव चुकलं, ते पुसून लिवलं, मग आधारचा नंबर चुकला. माझं बोलणारं घड्याळ हाय, मी सारखी दाबत होते, चार पंचेचाळीस, चार बावन्न. दाखला चढवायला लावला तो अर्ध्यावर अडकला. बापूसाचा श्वास मला दारातनं ऐकू येत होता. चार अठ्ठावन्न. मग संगणक म्हणाला, अर्जाची मुदत संपली आहे. ज्या आवाजात नाव लिहा म्हणतो ना, त्याच आवाजात.

चहा न घेता गेली ती दोघं.

हे पाळीवरनं आले, त्यांना सांगितलं. हे म्हणाले, बटण पोरीनं दाबलं, तू कशाला अंगावर घेतेस, गप बस, काम जाईल. ह्यांचं खोटं नव्हतं, कुणाला कळलंच नसतं. पण पोर आपलं आयुष्यभर म्हणत बसणार, माझं चुकलं. सकाळी मी मॅडमना लिवलं, तिसऱ्या वेळचा माझा पास खोटा हाय, मी सवयीनं दाबत गेले, ऐकलं नाय, आणखी कुणाचे अर्ज पुसले असतील, कॉलेजला मुदत वाढवायला सांगा. मॅडमचा फोन आला, हसल्या नायत. म्हणाल्या, तुमच्या शब्दावर आम्ही कॉलेजला पास लिहून दिलंय रंजनाताई. तीन दिवस काय निरोप नाय, फोन घेऊनच मोरीवर भांडी घासायची मी. चौथ्या दिवशी कळलं, बटणांना नावं दिली, मुदत आठवडाभर वाढवली, आन दर्शनासारखी अर्ज पुसला गेलेली आणखी पोरं निघाली.

मी लगेच तिला फोन लावला. सगळं सांगितलं, म्हटलं पोरी, तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं. ती म्हणाली, मावशी, बाबा ओरडत होते तवा का नाय सांगितलंत?

अर्ज तिनं भरला, पण माझ्याकडं आली नाय, पोलादपुरात सायबरवाल्याकडनं भरून घेतला.

आता ती वसतिगृहात हाय, शिकते, तिची आये सांगते मला. माझ्याकडं काम येतं, पयल्यापेक्षा कमी, आन शेवटची तपासणी मॅडम नव्या माणसाकडनं करून घेतात, बरोबरच हाय ते. दर्शना फोन करत नाय, मीही करत नाय. पण खूप शिकू दे तिला ताई, मोठी होऊ दे, आन कधी तिच्या हातनं कुणाचं वाईट झालं तर तिला तिथल्या तिथं बोलता येऊ दे. मला नाय आलं.