साडभाऊचं पैशे भरेल सॉफ्टवेअर

नाई, मंग मी काय कमी होतो काय, सांगा ना राजेहो! रिसोडले अडत दुकानात इतके वर्स झाले कॉम्प्युटर चालवून राह्यलो, सोयाबीनची आवक म्हना, हमालीचा हिशेब म्हना, सारं फुकटच्या सॉफ्टवेअरवर, कोनाले एक रुपया देल्ला नाई... अन् कामरगावले सासुरवाडीत गेलो का सासरे जानराव काय म्हनते? "आमच्या लहान्या जवायाचं पैशे भरेल हाये!" लहाना जवाई म्हंजे राजू, माहा साडभाऊ, वाशीमले बियान्याच्या दुकानात मॅनेजर. आता मानसाचं कौतुक कराचं तं स्वभावाचं करा, शिक्षनाचं करा, पन तो दर वर्साले सॉफ्टवेअरचे पैशे भरते म्हून कोनी कौतुक करते काय? सासू गोजराबाई तं आल्या-गेल्याले सांगे, "पैशेवालं वापरते तो, फुकटचं नाई!" मी म्हटलं, मामीजी, तुमाले कॉम्प्युटरचं चालू कराचं बटन ठाऊक हाये काय? तं म्हने, "बटन नाई ठाऊक बावा, पन पैशे भरेल हाये हे ठाऊक हाये!" घ्या! जळू नाई तं काय करू?

अन् त्याच्यात आलं मेहुन्याचं लगन. हरीओमचं. तुमाले सांगतो, लगन जमनं सोपं, पोरगी पसंत पडनं सोपं, पन पत्रिकेत नावं टाकनं... अरे बाप्पा! मांगच्या लग्नात आसेगावच्या एका चुलत्याचं नाव सुटलं होतं, तं त्याच्या घरचं लेकरूही पंगतीले आलं नाई! म्हून सासऱ्यानं फर्मान काढलं, "पत्रिका साऱ्या भाऊबंदाइले दाखवाची, मंगच छापाची." राजू हळूच म्हने... त्याचं सारं हळूच असते, त्याचाच तं राग येते... "मामाजी, माह्या सॉफ्टवेअरात करतो. लिहाचं एकानं, बाकीच्याइनं पाहाचं." मी पाह्यलं, आता जर गप्प बसलो तं मोठा जवाई म्हून राह्यलो नाई कुठलाच. म्हटलं, मामाजी, फुकटात होते तं पैशेवाल्याचं कामच काय? घरच्या ग्रुपवर लिंक टाकतो, सारे पाहातीन! सासऱ्यानं माह्याकडं पाह्यलं, मिशीवरून हात फिरवला, म्हने, "करा. पहिला मान मोठ्या जवायाचा." राजेहो, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता लिंक काढाले बसलो तं ते फुकटवालं मलेच इचारते, लोकाइले काय करू द्याचं? 'फक्त पाहा', का 'बदल करा'? तुमीच सांगा, बायकोच्या लखमाकाकाले मी 'फक्त पाहा' म्हनू? जो मानूस टिळा लावाले एक मिनिट उशीर झाला तं मांडवातून चप्पल घालून चालू लागते, त्याले? अहो, "काहून हो जवाई, आमाले काय तमासा पाहाले बलावलं काय?" म्हनून जल्मभर बोलला असता! म्हून म्हटलं, मान साऱ्याइले सारखा. देल्लं 'बदल करा'. साऱ्याइले!

मंग काय... मी दुकानात बसून पाहून राह्यलो अन् पडद्यावर नावं चालून राह्यले! एक चुलती आली, आपल्या मालकाचं नाव दोन ओळी वर. दुसरी आली, तिनं तीन ओळी वर. कोनी आपल्या लेकाच्या नावापुढं इंजिनिअर लावलं, तो दोन वर्सापासून नापास हाये! कोनी जावेचं नाव लहान्या अक्षरात केलं, जावेनं तिचं त्याच्याहून बारीक केलं, शेवटी दोघीही दिसेनाशा झाल्या! अन् माहं नाव? मोठ्या जवायाचं? निमंत्रकातून निघालं, व्यवस्थापकात गेलं, तिथूनही ढकललं, घसरत घसरत 'कृपया आहेर आनू नये' याच्या खाली, बँडवाल्याच्या शेजारी जाऊन बसलं! अन् राजू काय करे? काहीच नाई! बाजूच्या पट्टीत सूचना लिहे, "वधूपित्याचे नाव कृपया एकदा तपासावे." कृपया! माह्याच फुकटच्या सॉफ्टवेअरात येऊन पैशेवाल्यासारखा वागून राह्यला!

तरी मी म्हटलं जाऊ द्या, साऱ्याइची हौस भागली, धाडा छापाले. धाडली कारंजाले मोईनभाईच्या प्रेसमंधी. अन् थोड्या वेळानं मोईनभाईचा फोन, "भाईजान, बुरा मत मानो, पर ये लखमाकाका कब गुजर गये? मेरे सामने बैठके चाय पी रहे हैं!"

झालं असं, का लखमाकाकाले पाह्यजे होतं सगळ्यात वरचं नाव. त्याइनं आपलं नाव उचललं अन् एकदम पहिल्या ओळीत नेऊन ठेवलं, 'यांच्या कृपाशीर्वादाने'. आता त्या ओळीत सारे वारलेले! आजे, पनजे, सारे! अन् मांगून कोन्या तरी गुनवंतानं पाह्यलं, का बाकी साऱ्याइच्या म्होरं 'कै.' हाये, एकट्या याच्याच म्होरं राह्यलं... देल्लं लावून! काकानं मोईनच्या हातातून फोन घेतला, म्हने, "जवाई, मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

मंग सासऱ्यानं पत्रिका देल्ली राजूकडं. पैशे भरेल हाये ना त्याचं! त्यानं साऱ्याइले काय पाठवलं ठाऊक हाये? 'फक्त पाहा'! अन् एकही मानूस बोलला नाई! उलटा लखमाकाका गावभर सांगे, "आपल्याले पैशेवाल्यात पाहाले बलावलं बावा!" अन् माहं नाव? राजूनं सगळ्यात वर ठेवलं, स्वताच्या वर. भांडाची सोयही ठेवली नाई बेट्यानं! बायको म्हने, "पाहा, किती मोठ्या मनाचे हायेत ते." माह्या पोटात जे पेटलं, ते लग्नाची बुंदी खाऊनही इझलं नाई.

मंग मी बी घेतलं! पैशे भरले, वर्सभराचे, एकदम! लॅपटॉप काखेत मारला अन् गेलो कामरगावले. सासरे बसेल, राजू बसेल. मी आपलं सहज म्हटलं, मामाजी, आपनही पैशेवालं घेतलं हो... तं राजू हळूच म्हने, "काहून घेतलं भाऊ? मी तं बंद केलं. तुमच्या लिंकवरच पाह्यलं मी, 'फक्त पाहा' फुकटवाल्यातही असते. मंग कायले पैशे घालाचे?"

अन् सासरा, जानराव, ज्याच्यासाठी मी हे सारं केलं, तो मांडीवर थाप मारून म्हने, "याले म्हनतेत संसारी मानूस! नाई तं आमचे मोठे जवाई... पैसा टिकतच नाई बावा यांच्या हाती!"

तं असं हाये राजेहो. तुमाले लगनाची पत्रिका म्हना, अर्ज म्हना, काही लिहाचं असन तं या रिसोडले, लाजू नका... अकरा महिने बाकी हायेत, फुकटात करून देतो.