सासऱ्यांनी उंबरठा ओलांडला तेव्हा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, बायांनो, जमीन पुन्हा हलली. मोठ्या भूकंपाला महिनाच झाला होता. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, पोरगी आत पाळण्यात. किंचाळत दाराशी पळाले, तर सासरे तिला छातीशी धरून झपाझपा बाहेर आले! कंपवातामुळं त्यांना उंबरठा ओलांडायला दोघांचा आधार लागायचा. आता हातसुद्धा थरथरत नव्हता.

"धर गं लेकीला," म्हणाले.

जमीन थांबली अन् त्यांचे हात हलू लागले. पाय तिथंच खिळले.

सासूबाई पुटपुटल्या, "अंगात कोण आलं होतं वं?"

मला लई भ्या वाटलं. लातूरला नेऊन दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, "कंपवातात घाबरल्यावर खिळलेले पाय सुटतात कधीमधी. भूकंपाची वाट बघू नका, रोज व्यायाम करून घ्या."

तुमच्या ओळखीत कुणाला कंपवात असेल, तर एवढं सांगा त्यांना.