आबांचा डावा खिसा

सोनीबाई : बघा सुकलाल आबा, तुम्ही आले तरी माझा लखन भिंतीकडेच तोंड करून.

आबा : बसू दे, सोनीबाई. मी केळी आणली नही, तवा त्याले घाबरायचं कारण नही.

लखन : मग बायबलातलं वचन ऐकवायला आला असाल.

आबा : ते छगन ऐकवून गेला ना? मंडळीतले तिघं तुले भेटून गेले. रुपचंद केळी ठेवून गेला, छगन वचन ठेवून गेला. कुंदननं काहीच ठेवलं नही, उलट दोन भाकरी खाऊन गेला. तिघांत माले कुंदन आवडला. त्यानं तुझ्यावर दया तरी केली नही.

लखन : सगळ्यांचा हिशेब ठेवता, आबा.

आबा : म्हातारपणात दुसरं काम काय? तुझा बी सांगतो. अमळनेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उजवा हात गेला, तवापासून तू प्रार्थनेले आला नही. उद्या ईस्टर, पहाटेची प्रार्थना. ढोलकीशिवाय बायका नुसत्या टाळ्या पिटतात. धुरपदाबाईची टाळी एकीकडे, गाणं दुसरीकडे.

लखन : दुसरा ढोलकीवाला बघा.

सोनीबाई : हेच! ढोलकी पोत्यात बांधून कोपऱ्यात टाकली. जेवत बी नही धड.

लखन : आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायला काय डावा हात पुढे करू? सगळी मंडळी बघेल.

आबा : बघेल. दोन रविवार. तिसऱ्या रविवारी कोणाच्या तरी पोरीचं लगीन निघेल, मग तुले कोण बघतं?

लखन : तुम्हाला बोलायला काय जातं?

आबा : काय गेलं ते दाखवू?

(आबा सदऱ्याच्या खिशातून डावा हात बाहेर काढतात.)

लखन : आबा... पंजाच नाही. मला वाटायचं, दोनेक बोटं गेली असतील.

आबा : कडबाकुट्टीच्या यंत्रानं नेला. तू रांगत होता तवा.

लखन : म्हणून मला ढोलकीचे बोल नुसते तोंडानं शिकवले? एकदा म्हटलं, आबा, वाजवून दाखवा. तर केवढे रागावलात.

सोनीबाई : अरे, तुझ्याआधी ढोलकी आबाच वाजवत. बठ्ठ्या गावात तसा हात नव्हता.

लखन : आणि नंतर?

आबा : नंतर खिशात. तू वाजवायले लागला का आत हलायचा. नसलेली बोटं बी हलायची.

लखन : माझी पण हलतात. झोप लागताना. कोणाला सांगितलं नाही.

आबा : मी बी आजच सांगितलं.

लखन : इतकी वर्षं?

आबा : लोकांना सांगत फिरलो, येशू मेलेल्यांतून उठला तरी हातातली खिळ्यांची भोकं बुजवली नही, शंका घेणाऱ्या थोमाले तीच दाखवली. अन् आपला हात खिशात. हा बी हिशेब लिहून ठेव.

लखन : आई, ढोलकी काढ.

सोनीबाई : काढते बाबा. पण वाजवणार कोण?

लखन : डावा हात माझा, उजवा आबांचा. सरका आबा, माझ्या उजवीकडे बसा. जाड आवाज मी धरतो, बारीक तुम्ही.

आबा : मी? या वयात? हात विसरला रे बठ्ठं.

लखन : तोंड तर विसरलं नाही ना? दोरी सैल झालीय. तुम्ही ढोलकी दाबून धरा, मी ओढतो. हं. चला, धा गे ना ती...

सोनीबाई : अरे देवा! एक बैल शेतात निघाला, अन् एक घराकडे!

आबा : माझं बरोबर शे. हा पळतो.

लखन : तुम्ही मध्येच थांबता. पुन्हा.

आबा : शिकवतो कोणाले रे?

लखन : पुन्हा, आबा.

सोनीबाई : ...आता कसं जुळलं! मी भाकरी टाकते, दोघं जेवूनच उठा.

आबा : कुंदनसारखा खाईन, सांगून ठेवतो.

लखन : खा. पण पहाटे जरा लवकर या, आबा. तुमचा हात कच्चा शे.