बाबांनी टाकलेल्या वायरी

भोकरच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर मायलेक बोलत होते.

"माय, नांदेडात एका दवाखान्यात कॉम्प्युटरच्या वायरी तपासून राहिलो. तिथं छतात बाबांचं काम सापडलं."

"त्यांचंच कशावरून, धम्मा?"

"वायरींच्या जुड्या सुतळीनं बांधल्यात, वर दुहेरी गाठ. तसं दुसरं कोणी बांधत न्हाई."

"मग?"

"साहेब म्हणले, जुन्या समद्या काढून टाका. मी म्हणलो, आधी एकेक तपासू द्या. एक उंदरानं कुरतडली होती. बाकीच्या धड निघाल्या, त्या ऱ्हाणार हायत."

"त्यातून काय जातं रे?"

"पेशंटचे एक्स-रे, रिपोर्ट. वर डॉक्टरकडं जातात."

"माणूस जाऊन इतकी वर्षं झाली. अजून जातात?"

"हाव. आत्ता बी जात असतील."