पक्की बसवलेली कडी

पोलीस ठाणे नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश. शुक्रवार, तारीख ११ फेब्रुवारी १९३८, दुपारी चार वाजता.

नाव निजाम वल्द बशीर, वय ४१ वर्षे, धंदा नालबंदी, राहणार नंदुरबार, जिनाचा रस्ता.

मी ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको मदिना हिच्यासह राहतो. बैलांना व घोड्यांना नाल ठोकण्याचे काम मी वयाच्या बाराव्या वर्षापासून करतो. मी ठोकलेला नाल रस्त्यात पडला अशी तक्रार घेऊन आजवर एकही गाडीवान आलेला नाही. हे लिहिण्याची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले, पण गरज आहे, म्हणून लिहावे अशी मी विनंती केली.

नदीपलीकडील टेकडीवरच्या दर्ग्याचे मुजावर कय्युम यांनी आज फिर्याद दिली आहे की, मी दर्ग्याची साखळी छिन्नीने तोडली. फिर्याद खरी आहे. साखळी मीच तोडली. कय्युमभाई भला माणूस आहे, त्यांचा माझा वैरभाव नाही.

मदिना हिचे वय तीस आहे. ती पाच वेळची नमाजी. सवा वर्षापूर्वीच्या रमजानात ती वजू करायला बसली की उठेना. हातपाय धुऊन झाले की पुन्हा पहिल्यापासून धुवायची. मी हंडे भरून थकलो. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. काबरं अशी करी ऱ्हायनी, असे विचारल्यावर तिने सांगितले की, अजून पाक झाली नाहीस असे तिला कोणी कानात सांगते. कोण सांगते, म्हणून विचारले. ती म्हणाली, "तेच तर माले समजस नही. अल्लाना हुकूम शे का मन्हंच मन बोली ऱ्हायनं, कसं वळखू?"

मी तिला मशिदीत मौलवीसाहेबांकडे नेले. त्यांनी पडद्याआडून समजावले की, जे शरियतच्या विरुद्ध सांगते ते अल्लाकडून नाही. तिने ऐकून घेतले. घरी आल्यावर म्हणाली, "तो आवाज बी कुराणच वाचस." मी बैल आडवा पाडू शकतो, पण हे माझ्या आवाक्यातले नव्हते.

गेल्या होळीच्या सुमारास, दिवसा दहाच्या वेळी, मी गाडीवानाशी बोलत असता तिने उजवा हात भट्टीतल्या निखाऱ्यात घातला. ओरडली नाही. मी ओढून काढला. विस्तवाने पाक होशील असा हुकूम झाला, असे तिने सांगितले. डॉक्टरांनी हात बांधला व सांगितले की, हा मेंदूचा आजार आहे, मॅजिस्ट्रेटचा कागद करून वेड्यांच्या इस्पितळात पाठवा. तिथे गेलेले माणूस परत येत नाही असे लोक म्हणत. माझी बहीण जाहेदा म्हणाली की, दर्ग्यात बसव, निदान डोळ्यांसमोर तरी राहील. मी दर्गा पसंत केला. मला ती डोळ्यांसमोरच हवी होती.

दर्ग्याची रीत अशी आहे. आजारी माणसाच्या पायात कडे घालतात व त्याला साखळी जोडून ओसरीच्या खांबाला बांधतात. कुलूप लावत नाहीत. कडे आणि साखळी यांना जोडणारी कडी घरच्याच माणसाने ठोकून बंद करायची. पीरसाहेबांचा हुकूम आजाऱ्याला आवाजाने वा स्वप्नात झाला की बेडी सुटते. त्याआधी कोणी सोडवायची नाही.

गेल्या जूनमध्ये, पाऊस लागण्यापूर्वी, मी ती कडी बसवली. भाता सोबत नेला होता. कडीची दोन्ही तोंडे लाल करून एकावर एक घेतली आणि ठोकून एकजीव केली. सांधा बोटाला लागत नव्हता. जमलेल्या लोकांनी वाहवा केली. त्या वेळी मला बरे वाटले, हे मी लपवत नाही.

आठव्या दिवशी भाकरी घेऊन गेलो तर मदिना हसून म्हणाली, "हुकूम व्हयना. घर जा म्हने." हुकूम झाला म्हणते, म्हणून मी कय्युमभाईंना बोलावले. त्यांनी नीट चौकशी केली. शेवटी विचारले, "बेटी, विस्तवमा हात घाल असं सांगणारा आवाज आनि हाऊ आवाज, येगयेगळा शे का?" ती म्हणाली, "नही. तोच शे." कय्युमभाईंनी मान हलवली. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला हळूच सांगितले की, वेगळा आहे म्हण, आपण घरी जाऊ. तिने माझ्याकडे पाहिले ते मला अजून सहन होत नाही. "पीरसाहेबना दारमा बसीसन खोटं बोलू?" एवढेच म्हणाली. खोटे बोलणारी असती तर आठ दिवसांत सुटली असती. ती खोटे बोलत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे.

पावसाळा ओसरीतच गेला. वजू एकदाच करू लागली. हाताची जखम भरली. दिवाळीच्या सुमारास तिने फणी मागितली, जाहेदाच्या गुडघ्याची चौकशी केली आणि माझ्या सदऱ्याची बाही उसवलेली पाहून सुईदोरा मागितला. आवाज येतो का म्हणून मी विचारले. ती म्हणाली, महिना झाला, काहीच येत नाही. मी धावत कय्युमभाईंकडे गेलो. ते खूष झाले व त्यांनी तिला विचारले की, मग पीरसाहेबांचा हुकूम झाला का? ती म्हणाली, "माले काहीच ऐकू येस नही." हुकूम नाही म्हणून बेडी नाही सुटली. आवाज यायचा तेव्हा तो आजार ठरला, आणि थांबला तेव्हा हुकूम आणायचा कोठून? हे मी फौजदारसाहेबांनाही विचारतो.

गेल्या सोमवारी कय्युमभाईंनी मला विहिरीकडे बाजूला घेतले. म्हणाले, "निजामभाई, तू कडी इतली पक्की काबरं ठोकी? लोके तोंड उघडं ठेवतस." मला कळेना. त्यांनी जुन्या बेड्यांचा ढीग दाखवला. एकाही कडीचे तोंड पुरते मिटलेले नव्हते. वाटाण्याएवढी फट प्रत्येकीत होती. माणूस भानावर आले, हात स्थिर झाले, की बसल्या बसल्या ते कडी फिरवत राहते आणि एके दिवशी ती निसटते. मग सगळे म्हणतात, पीरसाहेबांनी सोडले. घरच्यांना हे माहीत असते, कोणी बोलून दाखवत नाही. वेड्या हातांना ते जमत नाही आणि शहाण्या हातांना जमते, हीच परीक्षा. मी मात्र नालबंद. ढिले काम मला कधी करता आले नाही.

मी तसाच ओसरीत गेलो व मदिनाची कडी हातात घेतली. आठ महिन्यांच्या गंजात तेवढीच कडी आरशासारखी चकचकीत होती. तिच्या अंगठ्यांना घट्टे पडले होते. ती दिवाळीपासून रोज ती फिरवत होती आणि सांधा कुठे आहे ते शोधत होती. मी तिच्यासमोर रडलो. कारण सांगितले नाही, मला लाज वाटली.

चार दिवस मी दुकान बंद ठेवून विचार केला. आज जुम्म्याची नमाज झाल्यावर, अंदाजे दोन वाजता, छिन्नी व हातोडा घेऊन गेलो आणि ओसरीच्या दगडावर साखळी दोन घावांत तोडली. पायातले कडे तोडणार इतक्यात लोकांनी मला धरले. कोणी मारले नाही.

मदिना उठली नाही. मी ऊठ म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही तोडी. पीरसाहेबनी नही सोडी." आणि तुटलेले टोक हातात धरून खांबाला टेकून बसली. शिपाई मला घेऊन निघाले तेव्हा ती तशीच बसलेली होती.

हे कृत्य कोणाच्या सांगण्यावरून केले, असे मला विचारण्यात आले. कोणाच्याही नाही. मला आवाज आला नाही, स्वप्न पडले नाही. चूक माझ्या हाताची होती, म्हणून माझ्या हाताने निस्तरली.

माझी अशी विनंती आहे की, फौजदारसाहेबांनी वर्दी घालून दर्ग्यात जावे आणि चार लोकांच्या देखत तिला मोठ्याने सांगावे की, घरी जा, हुकूम आहे. चौघांच्या कानावर पडलेला हुकूम ती मानील. यावर साहेबांचे म्हणणे असे पडले की, सदर बाई सरकारच्या कैदेत नाही, सबब तिला सोडण्याचा हुकूम देता येत नाही. कैदेत मी आहे, आणि मला उद्या मॅजिस्ट्रेटपुढे नेणार आहेत.

वरील मजकूर हवालदारांनी अहिराणीत समजावून वाचला. वाचन चालू असता ठाण्याच्या फाटकाशी बाईचा आवाज आला, "मन्हा नवरा आठे शे का? तेले सांगा, मी उनू." मी आले असे सांगणारा तो मदिनाचा आवाज आहे. मी एकट्यानेच ऐकला असे नाही, पहाऱ्यावरील शिपायाने व हवालदारांनीही ऐकला, हे माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे. तिला घरी जा असे शिपायाने सांगितले असता, नवऱ्याला सोडल्याशिवाय जाणार नाही असे सांगून ती फाटकाच्या भिंतीशी बसली आहे.

तिच्या पायात कडे तसेच आहे. हुकूम झाला असे ती म्हणत नाही, माझ्यासाठी दर्ग्यापासून तसल्या पायाने चालत आली. माझी छिन्नी मुद्देमाल म्हणून जप्त आहे. ती दहा मिनिटांपुरती मला द्यावी आणि तिला कोठडीच्या गजांपर्यंत येऊ द्यावे, म्हणजे आतून हात काढून मी कडे तोडीन. मुद्देमाल देता येत नाही असे मला समजावण्यात आले.

एवढे वाढवून जबाब पुन्हा ऐकला. मी बोललो तसाच उतरला आहे, कमीजास्त नाही. लिहिता येत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा उठवत आहे.