शुक्रवारची लिफ्ट

उन्हं कलायला लागली होती. सूर्य मावळला की शब्बात, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागणार, मग गाड्या बंद. रोश पिनाच्या फाट्यावर हात करून उभ्या असलेल्या नोगाला अखेर एका गाडीनं घेतलं. पुढे एक आजोबा आधीच बसले होते. तिच्यासारखेच तेही वर डोंगरातल्या दल्तोन गावाला निघाले होते.

“मला वळणावर सोड रे. पुढे चालेन मी.”

“चढ आहे, आजोबा. मीही दल्तोनलाच चाललोय.”

“कुणाकडे?”

“आहेत ओळखीचे.”

“नाव सांग. तिथं मी घरन्‌घर ओळखतो.”

“नाव... थांबा, आठवून सांगतो.”

तेवढ्यात गाडी चालवणाऱ्याचा फोन वाजला. स्पीकरवरून त्याच्या बायकोचा आवाज गाडीभर घुमला.

“आशेर, फाट्यावरून पाव आणायला अर्धा तास लागतो?”

“दल्तोनच्या चढावर आहे.”

“आज कुणाला घेतलंस?”

“एक आजोबा आणि एक मुलगी.”

नोगानं हसू दाबलं. आजोबा फोनकडे वाकले.

“बाई, तुमचं घर कुठं?”

“फाट्याला लागूनच. याचं नेहमीचंच आहे, आजोबा.”

“असं होय. मला पणतू झालाय. बुधवारी सुंता आहे, दोघांनी जेवायलाच यायचं.”

“येऊ की. पण दोघंच नसू हं. वाटेत कुणीतरी उभं असणारच.”