पाचवी रायफल

वायोमिंगमधलं बंदुकांचं दुकान, शनिवार सकाळ. रांगेत माझ्यापुढे म्हातारा व्हर्लिन आणि त्याची बायको आर्डिथ. काउंटरवर एक रायफल.

"ही पाचवी कशाला?"

"अगं, हिलाही तेच काडतूस लागतं. बचतच आहे."

"आधीच्या चारही बचतीतच आल्या होत्या."

"उद्या काडतुसांची टंचाई झाली तर? एकच पेटी पाचही जणींना चालेल."

"आणि तुला हात किती आहेत?"

"एक बिघडली की दुसरी."

"बिघडायला आधी वापरावी लागते, व्हर्लिन. तीन वर्षांत एक तरी एल्क हरीण मारलंस?"

"शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव लागत नाही, त्याला मी काय करू? कालही नाही लागलं."

"माझं लागलं."

"तू अर्ज केलास? तुझ्याकडे बंदूक तरी आहे का?"

"चार आहेत की. कुठलीही उचलली तरी तेच काडतूस. तूच म्हणालास."

"मग मी काय करू?"

"मांस वाहायचं. अहो दुकानदार, ही रायफल ठेवून द्या. पाठीवर मांस वाहायची पिशवी दाखवा."

"मोठी देऊ की मधली, बाई?"

"याचे गुडघे बघा आणि तुम्हीच ठरवा."